राजकन्येचं यकृत

लहान मुलांचे कार्टूनचे सिनेमे माझ्या बायकोच्या मावशींइतक्या गांभीर्यानं पाहणारं माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरं सापडणार नाही. आपण सिनेमा पाहतो, मावशी तो तपासत. चष्मा पुसायचा, पदर खोचायचा, रिमोट मुठीत घट्ट धरायचा आणि पडद्यावर पहिलं जनावर दिसलं की चित्र थांबवायचं. "हं, आता सांगा, हा नर की मादी?" समोर सतरंजीवर बसलेली पोरं एका सुरात ओरडत, "नर!" कारण जनावर बोलत असतं, पळत असतं आणि सिनेमात त्याला काहीतरी काम असतं. "कशावरून?" मावशी विचारत. मग त्या जनावराची शेपटीपासून शिंगांपर्यंत चर्चा होई, पोरांची भांडणं होत, मावशी निकाल देत आणि चित्र पुढे सरके. ते पुढचं जनावर येईपर्यंत. दीड तासाच्या सिनेमाला आमच्या इमारतीत पाच तास लागत. मधे एकदा पोहे आणि एकदा शेंगदाण्याचे लाडू होत. एवढं होऊनही इंदिरानगरातली डझनभर पोरं दर शनिवारी दुपारी मावशींच्या दारात चपलांचा ढीग घालून आत का जात, हे कोडं त्यांच्या आईबापांना कधी सुटलं नाही.

मावशी गुरांच्या डॉक्टर. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन त्या आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहायला आल्या, पण निवृत्त झाल्याची बातमी त्यांनी स्वतःला फारशी मनावर घेऊ दिली नव्हती. नांदगाव, येवला, देवळा आणि मधली कितीतरी खेडी त्यांनी आधी सायकलवर, मग मोपेडवर आणि शेवटी जीपमधून पालथी घातली होती. लग्न केलं नाही. कारण विचारलं तर "बदल्या फार होत्या" एवढंच सांगत. आवाज असा, की त्यांनी गॅलरीतून भाजीवाल्याला हाक मारली की दोन गल्ल्या पलीकडचा भाजीवालाही वळून बघे. आणि हात! मनगटापासून कोपरापर्यंत असे भरीव हात मी फक्त आखाड्यातल्या पैलवानाचेच पाहिलेत. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या पाया पडलो तेव्हा त्यांनी पाठीवर आशीर्वादाचा हात ठेवला आणि मी दोन पावलं पुढे गेलो. "जावईबापू अंगानं जरा कमी आहेत," त्या बायकोला म्हणाल्या, "पण डोळे स्वच्छ आहेत. चालेल."

नोकरीच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट त्या फार रंगवून सांगत. नांदगावजवळच्या एका वस्तीवर बैल आजारी म्हणून बोलावणं आलं. पंचविशीच्या मावशी पिशवी घेऊन पोचल्या. बैलाच्या मालकानं त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या खांद्यावरून मागच्या रस्त्याकडे पाहिलं आणि विचारलं, "डाक्टर मागून येतोय का?"

"मीच डॉक्टर."

"तुमी नाय वो. डाक्टर. बैल लय मारका हाय."

"मग मी बैलाकडे गेले," मावशी सांगत, "आणि त्याला विचारलं, बाबा रे, बाई चालेल का? तो काही बोलला नाही. तेव्हापासून मला बैल फार आवडतात. त्यांना काही विचारलं तर ते उगाच रस्त्याकडे बघत नाहीत."

या बाईंच्या हाती आमची पोरं पडली ती निव्वळ सोय म्हणून. मी अंबडच्या कारखान्यात, बायको एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. दोघंही संध्याकाळी सहाच्या पुढे घरी. सानिका तेव्हा सात वर्षांची, निशू पाच. शाळा सुटली की दोघं समोरच्या दारी. मावशींनी तोवर कार्टून नावाची गोष्ट कधी धड पाहिलेली नव्हती. पोरांनी लावून दिलेला पहिला सिनेमा मुंग्यांचा होता. त्यात एक शूर मुंगा अख्खं वारूळ वाचवतो आणि एक नाजूक मुंगी टाळ्या वाजवते. सिनेमा संपल्यावर मावशींनी चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "पोरांनो, वारुळात जेवढ्या मुंग्या राबताना दिसतात ना, तेवढ्या सगळ्या बायका असतात. अन्न आणणाऱ्या त्याच, लढणाऱ्या त्याच. नराला पंख येतात, तो एकदा उडतो आणि मरतो. हा सिनेमा काढणाऱ्यानं वारूळ पाहिलेलं नाही."

त्या दिवसापासून मावशी पेटल्या. हत्तींच्या सिनेमात मिशीवाला सेनापती कळपापुढे चालायला लागला की मावशी ओरडत, "अरे, कळपापुढे आजी चालते! पाणी कुठंय ते तिलाच ठाऊक असतं!" रक्त पिणाऱ्या दुष्ट डासाला पुरुषी आवाज दिला, तेव्हा त्यांनी पुरुषांचीही बाजू घेतली. "हा अन्याय आहे. नर डास चावत नाही. तो बिचारा फुलांतला रस पिऊन जगतो." समुद्रघोड्याची गरोदर आई पाहून तर त्या खुर्चीतून उठल्याच. समुद्रघोड्यांत पिल्लं बापाच्या पोटातल्या पिशवीत वाढतात, हे त्यांनी पोरांना असं काही समजावलं, की निशूनं त्या रात्री जेवताना माझ्या पोटाकडे पाहून विचारलं, "बाबा, तुमच्यात कोण आहे?"

प्रत्येक सिनेमाचा मावशी केसपेपर काढत. जुन्या सरकारी रजिस्टरची कोरी पानं त्यांच्याकडे भरपूर होती. त्यातला एक मी वाचला आहे. 'रुग्ण: राजकन्या. वय: अंदाजे सोळा. डोळे मनगटाहून मोठे, थायरॉइड तपासावे. कंबर चार बोटे. एवढ्या जागेत यकृत, जठर व आतडी बसत नाहीत, तरी रुग्ण गाते कशी हे समजत नाही. टाच कायम उचललेली, खुरात दुखणे असावे. दीड तासात तीन वेळा बेशुद्ध. एकदाही काही खाल्लेले दिसले नाही. उपचार: मोकळे सोडणे, चारापाणी.' याच राजकन्येला एका डोंगरावर एका अजस्र सर्पासारख्या राक्षसानं अडवून ठेवलं होतं आणि राजपुत्र त्याला मारायला निघाला होता. मावशींनी ऐन लढाईत चित्र थांबवलं, पडद्याजवळ गेल्या, चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "हा राक्षस नाही. ही मादी आहे. मागे अंडी आहेत, दिसतायत का? ती अंड्यांवर बसलीय. तिच्या घरात घुसलाय कोण? हा!" डझनभर पोरांनी त्या दिवशी राजपुत्राच्या नावानं शिमगा केला.

यातून भानगडी व्हायच्याच. तळमजल्यावरच्या एक वहिनी एकदा आमच्याकडे तक्रार घेऊन आल्या. त्यांच्या मुलीच्या वाढदिवसाला राजकन्येच्या आकाराचा केक होता. मुलीनं सुरी हातात घेतली आणि पाहुण्यांसमोर विचारलं, "हिचं यकृत कुठल्या पीसमध्ये येईल?" निम्म्या बायकांनी केक खाल्ला नाही. मी मावशींकडे जाऊन फार नम्रपणे विषय काढला. मावशी खूश झाल्या. "प्रश्न बरोबर आहे तिचा," त्या म्हणाल्या. "उजव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली."

मी हे सगळं हसून ऐकत होतो. कारखान्यात डब्याच्या वेळी मावशींच्या गोष्टी सांगितल्या की दहा माणसं जेवण थांबवून ऐकत. म्हातारपणी माणसाला काहीतरी नाद लागतो, कुणाला भजनाचा, कुणाला शब्दकोड्यांचा, मावशींना हा लागला, अशी माझी समजूत होती. ती पहिल्यांदा हलली ती निशूमुळे.

एका रविवारी मीही त्यांच्यात बसलो होतो. वाळवंटात आईपासून चुकलेल्या उंटाच्या पिल्लाचा सिनेमा होता. पिल्लू रडायला लागलं तसा त्याचा बाप त्याला म्हणाला, की शूर मुलगे रडत नसतात. पडद्यावरचं पिल्लू लगेच डोळे पुसून उभं राहिलं, पण माझ्या शेजारी निशूचे खांदे हलत होते. मी हसत हसत म्हणालो, "अरे, हे काय? मुलीसारखा रडतोस?"

मावशींनी चित्र थांबवलं. माझ्याकडे पाहिलंच नाही. निशूला जवळ ओढून त्या म्हणाल्या, "तुला खिल्लारी बैलाची गोष्ट सांगते. येवल्याकडे एका माणसाची बैलजोडी होती. बारा वर्षं एका जुवाखाली चालले. त्यातला एक साप चावून गेला. मी पोचले तेव्हा दुसरा गोठ्यात उभा होता. भिंतीएवढा बैल. तीन दिवस त्यानं वैरणीला तोंड लावलं नव्हतं आणि डोळ्यांतून पाणी वाहून गालावर काळे ओघळ झाले होते. पुस्तकात लिहिलंय की ते नुसतं डोळ्यांचं पाणी असतं, त्यात दुःखबिःख काही नसतं. लिहू दे. त्याच्या शेजारी मालक उभा होता. सहा फुटी गडी, भरघोस मिश्या. तोही रडत होता. त्याचं तरी पुस्तकवाल्यांना मान्य आहे ना? मी औषध द्यायला गेले होते, ते पिशवीतच राहिलं. तिघं मिळून रडलो आणि मग बैल थोडं पाणी प्यायला."

निशूनं विचारलं, "मालक मुलगी होता?"

"नाही," मावशी म्हणाल्या. "मालक मालक होता."

मी उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. माझ्या वडिलांच्या अंत्यविधीला मी रडलो नव्हतो, आणि ते मी लोकांना आजवर अभिमानानं सांगत आलो होतो.

त्यानंतर महिनाभरातली गोष्ट. मावशी सकाळीच आमच्याकडे आल्या. चहा नको म्हणाल्या, तेव्हाच बायको घाबरली. "सानिका चार दिवस चरत नाहीये," मावशी म्हणाल्या.

मी म्हटलं, "मुलांचं असतं हो असं. शाळेत काहीबाही खात असेल."

"डबा मी बघते रोज. वरचा घास खाते आणि उरलेलं खिडकीतून मांजराला घालते. मांजर जाड झालंय." मग त्यांनी सानिकाला जवळ बोलावलं, फ्रॉक वर केला आणि आम्हाला दाखवलं. माझ्या मुलीनं कमरेला आतून ओढणी बांधली होती. इतकी घट्ट, की कातडीवर लाल वळ उठले होते. बायकोनं तोंडावर हात ठेवला. मावशींनी गाठ सोडली, वळांवर खोबरेल तेल लावलं आणि गायीशी बोलावं तशा हळू आवाजात विचारलं, "कशासाठी बांधलं होतंस गं?"

सानिका पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिली. मग म्हणाली, "राजकन्येला पोट नसतं."

मला संताप आला. कुणाचा ते कळेना, म्हणून तो मी टीव्हीवर काढला. आजपासून या घरात आणि त्या घरात कार्टून बंद, असं जाहीर करून टाकलं. मावशींनी मला बोलू दिलं आणि मग म्हणाल्या, "सिनेमा बंद कराल. तिच्या डब्यावर तीच राजकन्या आहे. दप्तरावर आहे, कंपासपेटीवर आहे, चपलेवर आहे. चपलांचं काय करणार आहात?" त्या चपला मीच आणल्या होत्या, गुलाबी, राजकन्येच्या, दुकानदारानं 'मुलीसाठी ना?' विचारल्यावर मान हलवून.

"आणि तुमची काही चूक नाही," मावशी पुढे म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. "चूक माझी आहे. मी रोज तिला सांगत बसले, की या कमरेत यकृत मावत नाही. तिनं ते नीट ऐकलं. आणि ठरवलं, की मग आपल्यालाही यकृत नको. हुशार पोरगी आहे ती. मी तिला फक्त काय खोटं ते दाखवलं. खरं काही दाखवलंच नाही."

त्या दिवशी आमच्या मावशी, ज्या मारक्या बैलाला भ्याल्या नाहीत, माझ्या घरात सोफ्यावर बसून पदरानं डोळे टिपत होत्या. 

सानिकाचं खाणं थोडं सुधारलं, पण मन लावून ती काही खाईना. दोन घास आणि पाणी. शाळेच्या वहीत 'मी मोठेपणी कोण होणार' या मथळ्याखाली तिनं एक मुकुट काढून सोडून दिला होता. मावशींनी विचारलं, "मुकुटाखालचं माणूस कुठंय?" तर म्हणाली, "मला काही येत नाही. मुलींना ताकद नसते. त्यांना सोडवायला लागतं."

पुढच्याच आठवड्यात देवळ्याला बायकोच्या आतेबहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता. आम्ही सगळे गाडीनं गेलो. मावशी त्यांच्या एकुलत्या एका पैठणीत, अंबाड्यावर गजरा, अशा काही सजल्या होत्या की निशूनं त्यांना ओळखलंच नाही. जेवणाची पानं मांडली जात होती, तेवढ्यात मांडवात एक म्हातारा शेतकरी घुसला. मावशी आल्याचं कुणीतरी त्याला सांगितलं असावं. तो मावशींसमोर येऊन उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "डॉक्टरबाई, मनी गाय अडेल शे. सकाळपासून. नवा डॉक्टर दुसऱ्या गावाला गयेल शे, त्याला यायला तास लागीन."

"कितवं वेत?"

"पहिलं."

त्याची गाय पहिल्याच वेताला, विताना अडली होती. मावशी उठल्या. मी गाडीची किल्ली काढली. बायको म्हणाली, "मावशी, अगं पैठणी! आणि तुझा खांदा दुखतोय ना?" मावशी तोवर मांडवाबाहेर पोचल्या होत्या. गाडीत बसताना मात्र वळून म्हणाल्या, "सानिका, तू पुढे ये. मला मदतीला लागशील." मी काहीतरी म्हणणार होतो. लहान मुलांनी असलं बघावं का वगैरे. मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि मी गाडी सुरू केली. निशू बहिणीच्या मांडीवर येऊन बसला, बायको मागे मावशींशेजारी.

गोठ्यासमोर माणसं जमली होती. गाय आडवी पडलेली, जीभ बाहेर. वासराचे दोन पाय बाहेर आले होते आणि त्यांना दोर बांधून चार तगडे तरुण जीव खाऊन ओढत होते. प्रत्येक हिसक्याला गाय कण्हत होती.

"सोडा तो दोर!" मावशींचा जुना आवाज त्या गोठ्यात कडाडला. चौघांनी दोर टाकला. "चार बैलांची ताकद लावलीत. वासरू कुठल्या बाजूला बघतंय ते पाहिलंत का कुणी?"

त्यांनी घड्याळ आणि बांगड्या काढून सानिकाच्या हातात दिल्या. गरम पाणी मागवलं, साबण, गोडं तेल. पैठणीचा पदर कमरेला आवळला, बाही खांद्यापर्यंत दुमडली, तेल चोपडलं आणि अडुसष्ट वर्षांच्या त्या बाई शेणामुतात पोत्यावर पालथ्या पडल्या. हात आत गेला. कोपर आत गेला. मग खांदा गायीला टेकला. आणि मावशींनी डोळे मिटले.

मी आयुष्यात पुष्कळ माणसं काम करताना पाहिली आहेत. कारखान्यात सूतभर फरक बोटांनी ओळखणारे कारागीर पाहिले आहेत. पण डोळे मिटून दुसऱ्या एका जिवाच्या आत पाहणारा तो चेहरा मी पुन्हा कुठं पाहिला नाही.  "मान मागे वळलीय," त्या पुटपुटल्या. "पाठीवर डोकं ठेवून झोपलंय लेकरू. असं कसं येईल बाहेर?" आणि मग त्यांनी जे केलं ते पाहून ते चौघं तरुण एकमेकांकडे बघायलाच लागले. त्यांनी वासराला आत ढकललं. सकाळपासून सगळे ज्याला बाहेर ओढत होते त्याला मावशी हळूहळू, इंचाइंचानं परत आत सारत होत्या. जागा करायला. कळ आली की थांबायच्या, गायीच्या कळेनं हात चेंगरला की ओठ चावायच्या, कळ गेली की पुन्हा ढकलायच्या. घाम त्यांच्या भुवईवरून ठिबकत होता. सानिका न सांगता पुढे झाली आणि तिनं आपल्या नव्या फ्रॉकच्या घेरानं तो पुसला.

"आली मान," बऱ्याच वेळानं मावशी म्हणाल्या. "आता दोर घ्या. दोघंच. मी सांगेन तेव्हाच. ताकद गायीला लावू द्या, तिचं काम आहे ते. तुम्ही नुसती साथ करा."

वासरू बाहेर आलं आणि तसंच पडून राहिलं. ओलं, निळसर, निपचित. त्या क्षणी मावशींचा हात उठेना. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, हात बाजूला लोंबतच राहिला. "सानिका," त्या धापा टाकत म्हणाल्या, "गवताची काडी घे. त्याच्या नाकपुडीत घाल. आत. भिऊ नकोस, फिरव. अजून आत."

माझी सात वर्षांची मुलगी त्या चिकट वासराशेजारी गुडघ्यांवर बसली. निशू माझ्या पायाला मिठी मारून रडत होता आणि मी त्याला उगी म्हणालो नाही. सानिकानं काडी घातली. काही झालं नाही. तिनं दुसऱ्या नाकपुडीत घातली, ओठ दाबून, डोळे बारीक करून. वासरानं मान झटकली आणि तिच्या तोंडावर जोरात शिंकलं.

गोठ्यात केवढा गलका झाला. म्हाताऱ्याच्या आईनं, ती तर नव्वदीची असेल, वाकून वासराची शेपटी उचलली आणि बोळक्या तोंडानं ओरडली, "कालवड व्हयनी! कालवड!" लगेच घरातून गुळाची ढेप आली, खडे वाटले गेले. सानिका चेहरा पुसत विचारत होती, "म्हणजे मुलगी झाली?"

"हा मग! पोरगी शे."

"म्हणून एवढे खूश?"

म्हातारा हसला. मला हसू आलं नाही. सानिका झाली तेव्हा मिठाईवाल्यानं मला 'पेढे की बर्फी?' विचारलं होतं आणि मी नजर खाली घालून बर्फी म्हणालो होतो, हे मला त्या गोठ्यात उभं असताना आठवलं. ज्या नजरेनं तो म्हातारा त्या ओल्या कालवडीकडे पाहत होता, त्या नजरेनं मी माझ्या लेकीकडे पहिल्या दिवशी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात तरुण डॉक्टर मोटारसायकलवरून पोचला. त्यानं गायीला इंजेक्शन दिलं, सगळं तपासलं आणि मावशींच्या पाया पडला. मग म्हाताऱ्याच्या सुनेनं आम्हाला ओसरीवर बसवलं आणि बाजरीची भाकरी, ठेचा, कांदा असं पुढे ठेवलं. सानिकानं एक भाकरी खाल्ली. दुसरी मागितली. बायको तिच्याकडे बघत होती आणि तिचा घास हातातच होता. मावशींनी डोळ्यांनीच बायकोला दटावलं: बघू नकोस, खाऊ दे. तिसऱ्या भाकरीचा तुकडा मोडत सानिका म्हणाली, "मावशीआजी, ती मान मागे का वळवते?" आणि मावशी सांगायला लागल्या.

त्या दिवशी चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. गुलाबी चपला ती झिजेपर्यंत वापरत होती, राजकन्यांचे सिनेमेही आवडीनं पाहत होती. फक्त पाहताना भूक लागली की उठून डबे उघडायची. मावशींची मात्र ती शेवटची गाय. खांद्यातलं काहीतरी त्या दिवशी फाटलं होतं. डॉक्टर झाले, व्यायाम झाले, पण उजवा हात कानाच्या वर पुन्हा गेला नाही. पैठणी दोनदा धुवूनही डाग गेले नाहीत. "कुणाला विचारू नका कसले ते," त्या म्हणतात, "त्यांना वाटेल भाजी सांडली."

आता सानिका अकरा वर्षांची आहे. शनिवारी तिचा क्लास असतो, निशूला क्रिकेट असतं. इमारतीतली तेव्हाची पोरं मोठी झाली आणि आताची लहान पोरं आपापल्या मोबाइलवर एकेकटी बघतात, तिथं थांबवून विचारणारं कुणी नसतं. मावशी कधी एकट्याच टीव्ही लावून बसतात आणि दहा मिनिटांत खुर्चीत डोळा लागतो. रोज सकाळी शाळेत जायच्या आधी सानिका मात्र समोरच्या दारी जाते, कारण मावशींना आता स्वतःचा अंबाडा घालता येत नाही. ती त्यांच्या मागे उभी राहते आणि ते विरळ झालेले पांढरे केस विंचरते.

गेल्या आठवड्यात मी पेपर द्यायला गेलो तर दोघी खिडकीजवळ बसल्या होत्या. सानिकाच्या तोंडात केसांचे आकडे, हातात कंगवा. आकडे काढून तिनं विचारलं, "मावशीआजी, लहानपणी तुला कोण व्हायचं होतं?"

मावशी खिडकीबाहेर पाहत राहिल्या. "मला कुणी विचारलंच नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "गुरांच्या डॉक्टरकीला जागा मिळाली, गेले."

सानिकाचे हात क्षणभर थांबले. मग अंबाड्याला शेवटचा पीळ देत ती म्हणाली, "बरं, आता मी विचारते. सांग."

मावशी हसल्या. मग हसायच्या थांबल्या. "थांब," त्या म्हणाल्या, "नीट विचार करून सांगते."

आज आठ दिवस झाले. सानिका रोज विचारते, आणि मावशी रोज म्हणतात, अजून ठरत नाहीये.